माथ्यावर दोनशे

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, रविवारी येऊन आईला कायमची तुझ्या घरी नेऊ का, आणि मी पटकन म्हणाले, ठीक आहे, ने. तुला हायसं वाटलं, तू तिकिटंही काढलीस. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी माझ्या कामाबद्दल. जांभया देऊ नकोस. संगणकाचं तुला काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी गेल्या सोमवारी मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आमचा सर्व्हर दवाखान्यांसाठी पेशंटच्या वेळा नोंदवतो. लोक फोनवरून विनंती पाठवतात, सर्व्हर उत्तर देतो. विनंत्या त्रेसष्ट प्रकारच्या, आणि प्रत्येकीचं उत्तर देणारा भाग ज्याने त्याने आपापल्या मर्जीने लिहिलेला. एक 'झालं' म्हणायचा, दुसरा नुसता आकडा फेकायचा, तिसरा तोंडाला कुलूप लावून बसायचा. खरे लबाड मात्र वेगळेच. प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर एक क्रमांक असतो. दोनशे म्हणजे ठीक. हे लबाड माथ्यावर दोनशे लावायचे आणि आत लिहायचे, नोंद झाली नाही. आत कोण बघतंय? दोनशे दिसले की फोन हिरवी खूण दाखवून मोकळा.

आई गुडघा दाखवायला गेली आणि तीन तास बाकावर बसून परत आली, आठवतं? तिची नोंदच नव्हती. माझ्याच ऑफिसातल्या सर्व्हरने तिला हिरवी खूण दाखवली होती. घरी येऊन एवढंच म्हणाली, "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं गं. घरी बसून भाजी तरी निवडली असती." हे मी आमच्या मास्तरीणबाईंना सांगितलं. म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई. आमचं काम वहीसारखं तपासतात म्हणून हे नाव. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या.

चार महिने लागले. आता प्रत्येक विनंती एकाच दारातून आत येते. कुणाची आहे, पुरती भरलीय का, हे तिथेच तपासलं जातं. उत्तरही त्याच दारातून बाहेर पडतं, आणि त्यात तीन ओळी असाव्याच लागतात: झालं की नाही, नसेल तर का, आणि आता काय करायचं. माथ्यावर एक आणि पोटात दुसरंच असेल तर दार ते बाहेर सोडतच नाही.

सोमवारी सकाळी हे सुरू केलं. एरवी दिवसाला चाळीसेक नकार दिसायचे. पहिल्या तासातच नऊशे दिसले. साहेब धावत आले, काय मोडून ठेवलंत म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, "काही मोडलेलं नाही. आधीपासून असंच होतं." मी पडद्याकडे बघत राहिले. त्या नऊशे जणांना तिथल्या तिथे खरं सांगितलं गेलं होतं, पुढची मोकळी वेळही दिली होती, आणि त्यातले बहुतेक जण पाच-दहा मिनिटांत पुन्हा विचारून वेळ मिळवत होते. नऊशे माणसं, आणि त्यातलं कुणीही उगाच बाकावर बसणार नव्हतं. पंधरा वर्षं हे काम करतेय, पण ते एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं. बाई मात्र डबा उघडून जेवायला बसल्या होत्या.

आणि हे सगळं डोळ्यांनी पाहून दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या माथ्यावर दोनशे मारून मोकळी झाले. फोनवर बोलले तर पुन्हा ठीकच म्हणेन, म्हणून लिहितेय. कुरियरने शनिवारपर्यंत मिळेल. झालं की नाही: नाही. का: सकाळी मी निघताना आई दारात येऊन विचारते, किल्ली घेतलीस का. मी रोज वैतागते. पण ते विचारणारं कुणी नसेल त्या घरात मला परत यायचं नाहीये. आता काय करायचं: तुझं येण्याचं तिकीट ठेव, रविवारी ये. आईला काय हवंय हे आपण दोघींनी अजून विचारलेलंच नाही. तिघी बसून विचारू. आणि ती 'ठीक आहे' म्हणाली, तर ते उत्तर धरायचं नाही; आपण दोघी ते तिच्याकडूनच शिकलोय.

तुझीच,
यावेळी खरं बोललेली ताई