मुलुंबा शाळेतलं शिक्षकाचं घर

लुसाका, १७ फेब्रुवारी

ती. प्रिस्काआत्यास,
चिसालाचा सा. न. वि. वि.

पत्र कामाचं आहे, म्हणून आधी काम. तुमच्या खासदारांनी संसदेत प्रश्न टाकला आहे की मुलुंबा बेटावरच्या प्राथमिक शाळेतलं शिक्षकाचं घर कधी पूर्ण होणार. उत्तर मंत्री वाचतील, पण लिहायचं माझ्याकडे आलं आहे. खात्यात लागून मला वर्षही झालेलं नाही. संख्याशास्त्र शिकलेली मुलगी म्हणजे उत्तरं बिनचूक लिहील, असा इथे समज आहे.

तू माझी आत्या, त्यामुळे मी तुला परस्पर विचारणं नियमात बसत नाही. माहिती जिल्हा शिक्षण कार्यालयामार्फतच यायला हवी. तेव्हा तिथल्या जेरेसाहेबांचा निरोप तुझ्या फोनवर येईल. त्याला जे आहे तेच कळव. पालकांनी विटा भाजल्या, भिंती खिडकीपर्यंत आणल्या, खात्याने कबूल केलेले छपराचे पत्रे आले नाहीत. एवढंच. आपण बेम्बा जमातीचे, जेरेसाहेब न्गोनी; तू आणि ते एकमेकांशी कसे बोलता हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

फाईल मी पूर्ण वाचली. घर नाही म्हणून तुझ्याकडे प्रशिक्षित शिक्षक पाठवत नाहीत, आणि शिक्षक नाही म्हणून घराची निकड नाही असा शेरा आहे. तू एकटी सात वर्ग सांभाळतेस आणि गेल्या परीक्षेत सातवीचं एकही मूल गणितात पास झालं नाही, हेही त्यात आहे. उत्तर बरोबर गेलं तर काही हलेल.

बाबा बरे आहेत. तू पाठवलेले सुके मासे पोचले. ते आणणाऱ्या बाई म्हणाल्या की बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसलंच नाही, प्रवास फार ऐसपैस झाला.

माया आहे तेवढी असू दे.
चिसाला


मुलुंबा बेट, २५ फेब्रुवारी

चि. चिसालास,
आत्याचे अ. आ.

तुझं पत्र नाही, पण दोष तुला देत नाही. टपालाच्या नावेचं इंजिन उघडून किनाऱ्यावर पसरून ठेवलंय आणि नावाडी त्याच्याकडे असा बघत बसतो जसं काही ते आपणहून जुळणार आहे. हे पत्र मासळीच्या होडीतून जातंय. फोन करायचा तर शाळेमागच्या वारुळावर चढावं लागतं, आणि मी रागवायला लागले की नेमके पैसे संपतात. पत्रात मनासारखं रागावता येतं.

आज मात्र रागावणार नाही, कारण मी त्या उंदीरखाऊ न्गोनीला, म्हणजे आपल्या जेरेला, एकदाचं गप्प केलंय. मागे त्याने कळवलं होतं की राजधानीतून मोठे पाहुणे माझ्या हातची मक्याच्या पिठाची न्शिमा खायला येताहेत, अंगण झाडून ठेव. मी मुलांना लावून अख्खं आवार झाडलं. आली ती शेजारची बकरी. नंतर त्यानेच फोन करून विचारलं की बकरीला जेवण आवडलं का. आता या आठवड्यात नवा निरोप, की शिक्षकाच्या घराची सद्यस्थिती तातडीने कळवा, संसदेत प्रश्न आहे. संसदेत म्हणे. इतकी वर्षं ज्या घराकडे कुत्रं फिरकलं नाही त्याची चौकशी संसद करणार.

मी वारुळावर चढले आणि अगदी सरकारी थाटात उत्तर पाठवलं. घर पूर्ण झालेलं आहे, दोन न्हाणीघरं आहेत, उंदीर भाजण्यासाठी स्वतंत्र स्वयंपाकघर आहे, तरी कोणताही शिक्षक पाठवावा, न्गोनी असला तरी बेट सोसून घेईल. यावर त्याच्याकडून एक शब्द नाही. माकडखाऊ बेम्बा म्हणूनसुद्धा नाही. बहुतेक जिव्हारी लागलं.

तुझ्या बाबांनी कळवलं की तुमच्या ऑफिसातला कुणी हिशेबनीस तुला रोज चहा आणून देतो. बाबांना वाटतं मुलगा चांगला आहे. मला वाटतं तू त्याला चहाची पावती देत असशील.

आठवण काढत जा, पोटभर जेवत जा.
तुझी आत्या


लुसाका, ६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मंत्र्यांनी उत्तर शुक्रवारी वाचलं.

जेरेसाहेब गप्प झाले नव्हते. ते न्च्वालाच्या सणाला पूर्वेकडे, आपल्या गावी गेले होते. कार्यालयाचा फोन त्यांच्या जागी आलेल्या हामवीम्बांकडे होता. हामवीम्बा टोंगा जमातीचे आहेत. त्यांचं ना बेम्बांशी थट्टेचं नातं आहे, ना न्गोनींशी. मुख्याध्यापिकेने सरकारी भाषेत माहिती दिली, त्यांनी ती उतरवून पुढे पाठवली. पाठवताना उंदीर वगळले. माझ्यापर्यंत आलं ते असं: घर पूर्ण, न्हाणीघरं दोन, स्वयंपाकघर स्वतंत्र. मला आश्चर्य वाटलं. पण कागदावर जिल्ह्याचा शिक्का होता, आणि तू एखादं घर बांधून घेऊन मला न सांगणं अगदीच अशक्य नाही. मी तसंच लिहिलं.

न्गोनी आणि बेम्बा यांनी एकमेकांना काहीही बोलावं आणि कुणी रागावू नये, हा आपल्या पणजोबांच्या लढायांनंतरचा करार मला मान्य आहे. संसदेच्या उत्तरांना तो लागू आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

याचा पुढचा भाग जास्त वाईट आहे. घर पूर्ण म्हटल्याबरोबर नेमणूक विभागाने तुझ्या शाळेवर प्रशिक्षित शिक्षिका नेमली. गणिताची. नाव थोकोझिले मासेको. हुकूम सोमवारी सकाळीच निघाला. आमच्या खात्यात इतक्या वेगाने काही झालेलं मी पाहिलेलं नाही. बाई निघाल्याही असतील.

उत्तर चुकीचं आहे, तेव्हा ते दुरुस्त करावं लागेल. त्याचा मसुदा मी करते आहे. दुरुस्ती झाली की नेमणूक रद्द होईल, हे तुला आधीच सांगितलेलं बरं.

चहाची पावती मी देत नाही. कप धुऊन परत करते.

रागावले आहे, तरी तुझीच,
चिसाला


मुलुंबा बेट, १५ मार्च

चि. चिसालास,
आ. अ. आ.

इंजिन जुळलं. तुझी दोन्ही पत्रं एकाच पिशवीतून आली. मी आधी रागाचं वाचलं आणि मग सावधगिरीचं. उलट क्रमाने आली असती तर बरं झालं असतं, पण नावेला कोण सांगणार.

मला बातमी त्याआधीच कळली होती. शुक्रवारी मासळीबाजारात रेडिओ लागलेला होता, त्यावर संसद. मंत्रीसाहेब घशात मध असल्यासारखे सांगत होते की मुलुंबा शाळेच्या घरात दोन न्हाणीघरं आहेत. माझ्या हातातला मासा खाली पडला. सगळा बाजार माझ्याकडे वळला. म्हातारी चिलुफ्या म्हणाली की बाई, एक तुम्ही वापरा, दुसऱ्यात आम्हाला आठवड्यातून एकदा येऊ द्या. तेव्हापासून माणसं रस्त्यात अडवून विचारतात की आज पाणी गरम आहे का.

मग जेरे स्वतःच बाईंना घेऊन नावेतून उतरला. म्हणाला, न्हाणीघरं बघायला आलोय. मी त्याला खिडकीएवढ्या भिंतींपाशी नेलं. तो भिंतीवर बसला आणि वाकून विटांचे थर मोजू लागला. शेवटी म्हणाला की बेम्बांनी आजवर आमची गुरं पळवली होती, आता सरकारही पळवलं. दंड म्हणून माझी एक कोंबडी घेऊन गेला. मी दिली. ती चांगली अंडी घालणारी होती.

मासेकोबाई तिथेच उभ्या होत्या, ट्रंक आणि गादी घेऊन. लहानखुऱ्या आहेत, आवाज मात्र नगाऱ्यासारखा. मी सगळं खरं सांगितलं. त्याही न्गोनीच. म्हणाल्या की न्गोनी माणसाला बेम्बाने घर कबूल केलं तर आधी छप्पर मोजायला हवं होतं, चूक माझीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीच्या वर्गात गेल्या. मी माझं घर त्यांना दिलंय आणि पुस्तकांच्या खोलीत झोपते. पाठ दुखते, पण वाचायला भरपूर आहे.

पोरी, अपूर्णांक त्या मासे कापून शिकवतात. कोळ्यांची मुलं, त्यांना हाताला लागेल तेच कळतं. काल कासोंदेच्या मुलीने, जी गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी जायची, तिने फळ्यावर पाऊण आणि अर्ध्याची बेरीज केली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी दाराआड होते. मी तशीच दाराआड राहिले.

म्हणून विनवते की ती दुरुस्ती थोडी थांबव. पालक रोज संध्याकाळी भिंती चढवताहेत. छपरापुरतं थांब. खोटं बोल म्हणत नाही, नुसतं सावकाश बोल. सरकारात सावकाश चालणं काही गुन्हा नाही.

पाठदुखीसकट आशीर्वाद.
तुझी आत्या


लुसाका, २७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच दुरुस्ती वर गेली होती. पत्र आधी आलं असतं तरी मी ती पाठवली असती. चूक माझ्या हातून सभागृहात गेली होती, ती तशीच ठेवणं मला जमलं नसतं. हे तुला आवडणार नाही, तरी माहीत असावं.

मंत्र्यांनी ती गुरुवारी वाचली. घर अपूर्ण आहे, न्हाणीघरं नाहीत. विरोधी बाकांवरून कुणी विचारलं की मग ती दोन गेली कुठे, आणि पूर्वेकडचे एक न्गोनी सदस्य म्हणाले की बेम्बांच्या हाती घर दिलं की असंच होतं. त्यावर दोन्ही बाजू इतका वेळ हसल्या की सभापतींना उभं राहावं लागलं. छपराचे पत्रे लवकरात लवकर पाठवू, असंही मंत्री म्हणाले. ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर विसंबू नकोस. मला आमच्या साहेबांनी बोलावून यापुढे जिल्ह्याच्या शिक्क्यावर नुसता विश्वास ठेवू नये असं समजावलं. मी ठीक आहे म्हटलं. बोलणी एवढ्यावरच संपली. जेरेसाहेबांनी फोनवर सांगितलं की कोंबडी अजून अंडी घालते आहे.

त्याच दुपारी मासेकोबाईंना परत बोलावण्याचा हुकूम लिहायला माझ्याकडे आला. मी नियमावली काढून बसले. बदली केलेल्या शिक्षकाला जाण्यायेण्याचा खर्च खात्याने द्यायचा असतो, स्वखर्चाने या असं सांगता येत नाही. म्हणून हिशेब विभागात चौकशी केली. चहा आणणारा तिथेच बसतो. त्याने वह्या काढून दाखवल्या. बदल्यांच्या प्रवासासाठी या वर्षी मंजूर झालेली रक्कम संपली आहे. शेवटचे पैसे मासेकोबाईंना बेटावर पोचवण्यात गेले.

मी हुकूम लिहिला: परतीच्या प्रवासाची तरतूद झाल्यावर श्रीमती मासेको यांनी मुलुंबा शाळेतून परत यावे, तोपर्यंत तेथील काम चालू ठेवावे. साहेबांनी दोनदा वाचून सही केली. नवीन तरतूद हवी असेल तर तिचा प्रस्ताव मांडावा लागतो. असे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जातात, आणि आलेल्या क्रमानेच जातात. टेबलावर सध्या बरंच काही आहे.

वाक्य मी पुन्हा तपासलं. त्यात एकही शब्द खोटा नाही.

पाठीला शेक घे, आणि माझ्यावरचा राग संपला की कळव.
चिसाला