सुकीच्या कमरेच्या तीन वाटा

डोंगरपाडा, ता. तलासरी
१२ जुलै २०१७

आदरणीय चिमणदादा यांस,

देवजीचा वाकून नमस्कार. (वाकून हे रिवाजापुरतं. खरं वाकणं सध्या बंद आहे, कारण पुढे येईल.) वहिनींचा गुडघा कसा आहे? वापीच्या दवाखान्यातली तुमची वॉर्डबॉयची नोकरी नीट चालली असेल. आमच्याकडे सगळा आनंदीआनंद आहे, म्हणजे काहीच धड नाही.

तुमच्या बहिणीच्या, सुकीच्या कमरेतली गादी झिजली हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता डावा पाय बधिर होतो. परवा पायातून चप्पल गळाली तरी तिला कळलं नाही. मणके जोडायलाच हवेत, उशीर केला तर पाय जाईल, एवढ्यावर तिन्ही डॉक्टरांचं एकमत. पण आत शिरायचं कुठून? डहाणूचे म्हणाले पाठीतून, दोन बारीक चिरा, नळीतून स्क्रू. तुमचे वापीचे म्हणाले, छे, पाठीचं मांस कशाला दुखवता, पोटातून जाऊ, आतडी बाजूला सारू. सिल्व्हासाचे म्हणाले कुशीतून, हे सगळ्यात नवं. अहो, बाजाराचा रस्ता आहे का हा, इथून नाहीतर तिथून जा म्हणायला? माझं तर डोकंच चालेना.

मग घरात सभा भरली. आई म्हणाली, पोटाला हात लावायचा नाही. माझा धाकटा भाऊ लाहू कुशीच्या बाजूचा. (त्याला कूस कुठे असते ते दाखवावं लागलं.) शेवटी कमरेची एक्स-रे फिल्म घेऊन हाल्या भगताकडे गेलो. त्याने ती उलटी धरून उजेडात पाहिली, तांदळाच्या तीन पुंज्या मांडल्या, अंगात आणलं आणि पाठीतून असा कौल दिला. देव बोलला का, असं मी विचारलं, तर त्याने गुपचूप सदरा वर केला. कमरेवर टाक्यांचे दोन वण! गेल्या वर्षी कुणाला न सांगता करून आलेला. आता हा कौल देवाचा धरायचा की पेशंटचा, तुम्हीच सांगा.

या सगळ्यात चार आठवडे गेले. सुकी चुलीपाशी बसून ऐकत होती, आम्हाला चहा देत होती. तिला कोणी विचारलं नाही. नवरा असून मीही नाही.

सोमवारी पुन्हा सिल्व्हासाला गेलो. डॉक्टर म्हणाले, कुशीतून केलं तर चार आठवड्यांत वाकायला लागतील, पाठीतून सहा, आणि वापीचे डॉक्टर पोटातून करून तीन महिने वाकू देत नाहीत. मी म्हटलं, झालं तर, कुशीतून. तेवढ्यात सुकी म्हणाली, "मला ते तीन महिन्यांवालं करा."

डॉक्टर हसले. मला राग आला. ऐन आवणीत तीन महिने! घरी येऊन मी तावातावाने म्हटलं, वाकण्याचं एवढं काय कौतुक, यंदा भाताची रोपं मी लावतो. लावली, दादा. अर्धं खाचर. मग जो वाकलो तो वाकलेलाच राहिलो. लाहूने आणि आईने धरून घरी आणलं. हे पत्र पालथं पडून लिहितोय. सुकीने तेल चोळलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. सव्वीस पावसाळे ती वाकते आहे, त्यातले किती तरी पाठीवर पोर बांधून. मला फार लाज वाटते, दादा.

आपला,
देवजी

ता. क. : तुमच्या शब्दाला ती मान देते. कुशीतून करून घे, असं तिला समजवा. (हे आईने लिहायला सांगितलं. शेजारी बसली आहे.)

ता. क. २ : आई बाहेर गेली. वरचं सोडून द्या. तुमच्या डॉक्टरांकडून लवकरची तारीख घ्या आणि चार महिने वाकायचं नाही असं कागदावर लिहून आणा, शिक्क्यासकट. आमच्या घरात सुनेचं कोणी ऐकत नाही, शिक्क्याचं ऐकतात.

ता. क. ३ : वर मी तीन लिहिलं होतं. ते खोडून सुकीने चार केलं आहे. तसंच पाकिटात घालतोय.