वाळूवरचा पाडवा

बा, यंदा भाऊबीजेला आभाळ स्वच्छ होतं. पश्चिमेला कोर दिसली आणि मी लिहायला बसले. तू आता नाहीस, आणि होतास तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, हे आज माझ्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. कोणी वाचून दाखवायला लागलं असतं, तर तू मध्येच उठून जाळं बघायला गेला असतास. अवघड बोलणं निघालं की तुला नेमकं जाळंच आठवायचं.

मला भाऊ नाही. भाऊ नसलेल्या मुलीनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं ही आपल्याकडची रीत, आणि कळायला लागल्यापासून मी ती पाळत आले. शेजारच्या पोरींना भाऊ रिबिनी द्यायचे. माझा भाऊ काही देत नसे, पण माझ्या वेण्याही ओढत नसे. आत्याला मात्र भाऊ होता, तू. तिला सिरोंच्याच्या अलीकडे प्राणहितेच्या काठच्या गावात दिलेली. तिकडे राहून ती अर्धी तेलुगू झाली होती आणि तुला अन्ना म्हणायची. तिचा नवरा गेला तेव्हा तिनं तुला निरोप धाडला होता की हंगामभर येऊन राहा, मला सावरू दे. तू गेला नाहीस. मासोळीचे दिवस ऐन भरात होते, असं तू सांगायचास, आणि ते सांगताना कोणाच्या तोंडाकडे बघायचा नाहीस. त्यावर ती म्हणाली, तुले बहीण नाई असं समज. पुढं कितीतरी दिवाळ्या तुमचं जाणं-येणं तुटलं. मग एका पावसाळ्यात बांगड्या विकणारी बाई तिचा निरोप घेऊन आली. "तुही बहीण म्हणते, माहा डोंगा सडला. अन्नाले म्हणा, नवा डोंगा घेऊन भाऊबीजेले ये. ओवाळते."

तो पावसाळाभर तू अंगणात डोंगाच करत होतास, लाकडाची लांबट होडी. घरात डांबराचा इतका वास भरला होता की आई म्हणायची, भातालेही डांबर लागून राह्यलं. कोणी रस्त्यानं जाताना सहज विचारलं, तरी तू हातातलं काम ठेवून सांगायचास, "बहिणीसाठी हाय. तिनं बलावलं." डोंगा पाण्यानंच पोचवायचा असतो, बैलगाडीवर घालून नेला तर तो कोरडा पोचतो आणि त्याच्या सांधी उघडतात, हेही तू प्रत्येकाला ऐकवायचास. आपला गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी गडचिरोली गावात होस्टेलला राहून मास्तरीण व्हायचं शिकत होते. दिवाळीची सुटी लागली. आई शेळ्यांसाठी घरी राहिली आणि डोंग्यातलं पाणी उपसायला म्हणून तू मला बरोबर घेतलंस. वैनगंगेनं खाली, मग वर्धा येऊन मिळते तिथून प्राणहितेनं पुढं. दिवसा वल्हवायचं आणि रात्री वाळूवर झोपायचं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण ज्या गावाखाली डोंगा लावला, तिथून आत्याचं गाव एका दिवसाच्या वाटेवर होतं. पाडव्याला सकाळी निघायचं, संध्याकाळी पोचायचं, रात्री तिच्या घरी झोपून भाऊबीजेच्या दिवशी आंघोळ करून पाटावर बसायचं, असं तू ठरवलं होतंस. पाटावर बसताना घालायचा पांढरा सदरा तांदळाच्या डब्यात घडी घालून ठेवला होतास, ओला होऊ नये म्हणून. पण त्या गावी माझ्या होस्टेलमधल्या मैत्रिणीचे वडील शाळेवर मास्तर होते. आपण येणार हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. पाडव्याच्या सकाळी आपण सामान भरत होतो, तेवढ्यात ती दरड उतरून आली आणि तिच्याबरोबर आमच्याच खोलीतली नागभीडची मैत्रीणही, सुटीत तिच्याकडे राहायला आलेली.

बा, त्या दोघींच्या घरी मी किती जेवले होते. आपल्या घरी मात्र त्या एकदाही आल्या नव्हत्या. घर लांब होतं हे खरं, पण मी बोलावलंही नव्हतं. त्या दिवशी माझ्याजवळ नदी होती, वाळू होती, नवा डोंगा होता, आणि तू होतास. पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्याकडेही पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही आहे. मी म्हटलं, "बा, आज राहू ना इथी. उद्या पहाटे निघू." हे मी त्यांच्यासमोर म्हटलं. तुला बाजूला घेऊन विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, हे मला पक्कं ठाऊक होतं. तू पाण्याकडे बघितलंस. "ओवाळणी तं सांजेलेच असते," असं तू स्वतःलाच सांगितलंस आणि मग आमच्याकडे वळून हसलास. "राहू तं. पाव्हणे आले तं नदी का पळून चालली?"

आणि तू जाळं टाकतोस. मरळ घेऊन येतोस, तीन दगडांची चूल मांडतोस, चिंचेचा कोळ करतोस. घरी कधी चुलीपुढं न बसलेला माणूस रश्शात किती तिखट घालायचं यावरून माझ्याशी भांडतो आहे. मास्तरांची मुलगी पळसाची पानं जोडते आहे. नागभीडची जराशी दूर उभी आहे. ती बौद्ध घरातली. लोकांच्या भांड्याला हात लावण्याआधी थांबायची सवय तिच्या गावानं तिला लहानपणीच लावली होती. ती विचारते, "मी कुठी बसू, भाऊ?" तू वर न बघता म्हणतोस, "बस ना माय कुठीही. वाळू का माह्या बापाची हाय?" आणि डाव तिच्या हातात देतोस. "चाखून सांग, मीठ बराबर हाय का? माह्या पोरीले काई समजत नाई." होस्टेलला गेल्यावर ती महिनाभर तोच रस्सा आठवत होती, पण मीठ कमी होतं हेही सांगायची.

दुपारी तू त्यांना डोंग्यात बसवलंस. मास्तरांच्या मुलीच्या हातात वल्हं दिलंस आणि डोंगा जागच्या जागी गोल फिरायला लागला, तसा तू पोट धरून हसलास. एका मगरीला तू शिव्या देऊन पळवलंस ही गोष्टही सांगितलीस, जी मी आधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. रागावलास फक्त एकदा. त्यांनी आणलेल्या बिस्किटांच्या पुड्याचा कागद मी पाण्यात टाकला, तेव्हा पाहुण्यांसमोर मला झापलंस. "आपली घाण नदीत टाकाची नाई. खालच्या गावाले काऊन देतं? खाली बहीण राह्यते माही."

भाऊबीजेला उजाडायच्या आत आपण निघालो. वेळेत पोचलोही असतो. पण पुढं एका बेटाशी नदी दुभंगली आणि तू डाव्या अंगाची धार धरलीस, कारण पूर्वी दरवर्षी तू तिथूनच जायचास. इतक्या वर्षांत त्या धारेत वाळू भरली होती. आपण आत बरंच गेलो आणि डोंगा टेकला. भांडलेल्या वर्षांत नदी तुला न सांगता बदलली होती. दिवसभर आपण तो ओढत, ढकलत परत आणत होतो. तुझ्या खांद्याची सालटी निघाली. सूर्य बुडाला तेव्हा कुठं मुख्य धारेला लागलो, आणि समोर कोर दिसली. मला दुसरं काही सुचलं नाही बा, सवयच ती. मी कंदील पेटवला आणि चंद्राला ओवाळलं. तू वल्हं थांबवून माझ्याकडे बघत राहिलास, मग चंद्राकडे. "झालं," एवढंच म्हणालास. तू ते माझ्या ओवाळण्याबद्दल म्हणालास असं मला वाटलं.

काठावर आत्या उभी होती. अंधार झाला होता, चंद्र बुडाला होता आणि तिच्या हातातल्या ताटातला दिवा विझलेला होता. सकाळपासून तिनं तोंडात पाणी घेतलं नव्हतं, हे तिच्या सुनेनं नंतर सांगितलं. तू डोंग्यातून उतरलास, तो पांढरा सदरा घालून, ओल्या धोतरावर. ती शांतपणे म्हणाली, "मी चांदाले ओवाळलं. तू येत नाई असं वाटलं."

"उद्या ओवाळ," तू म्हणालास.

"चांदाले भाऊ केलं आता. त्याले का सोडता येते?" मग तिनं डोंग्यावरून हात फिरवला. "चांगला केला. जेवाले चला, पाव्हणे."

अन्ना नाही, पाव्हणे. तुला उशीर का झाला, हे तिनं विचारलं तेव्हा तू म्हणालास, वाळूत फसलो. ते खोटं नव्हतंच. मी तुझ्या शेजारी बसून भात कालवत होते. पाडव्याचा दिवस कुठं गेला हे तू सांगितलं नाहीस आणि माझ्या तोंडूनही निघालं नाही. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, आत्या, बाला मी थांबवलं. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि तुला पाटावर बसवलं असतं, अशी ती होती. परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत होतास. मला वाटलं, आता बोलशील. तू विचारलंस, "तुह्या मैत्रिणी खुश झाल्या ना?"

नंतर तू दरवर्षी गेलास. ती जेवू घालायची, नवं धोतर द्यायची, आणि सांजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. एकदा मीही आले होते. वारा सुटला होता आणि दिवा फडफडत होता. तू उठलास आणि तिचा दिवा विझू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा केलास. तिनं तुझ्या हातांच्या वरून चंद्राला ओवाळलं. तू खाली दिव्याकडे बघत होतास. मी तेव्हा घरात गेले, मला ते बघवेना.

हे कागद कुठं धाडायचे? नदीत सोडावेत असं वाटलं, पण तू ओरडशील. खाली आत्याचं गाव आहे. तेव्हा ते माझ्या पेटीतच राहतील.

लोकांना मी सांगते की त्या एका दिवसाची मला आजही खंत वाटते. पण चंद्राला ओवाळताना मला आत्याचं ताट आठवत नाही बा. चुलीच्या धुरानं डोळे लाल झालेला, माझ्या मैत्रिणींना आग्रहानं वाढणारा तू आठवतोस. आणि तो पाडवा पुन्हा आला, तर मी तुला पुन्हा त्यांच्यासमोरच विचारीन.