झोपाळा थांबेपर्यंत

१० नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे नागावला. टेम्पोवाल्याने फ्रिज आडवा घालून आणला आणि विचारलं तर मलाच शिकवलं, की हल्लीच्या फ्रिजला काही होत नाही. विमा कंपनीसाठी दावे तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या माणसावर माझा मुळातच विश्वास नाही. पण फ्रिज सुरू झाला. ठाण्याच्या फ्लॅटमधलं सगळं सामान इथे मावून वर जागा उरली, हेही नवलच.

घर नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. समोर अंगण, कडेला विहीर, आणि वारा फिरला की समुद्र ऐकू येतो. अजेयची बदली उरणला झाली. आठवडाभर तो तिकडे क्वार्टरमध्ये राहणार आणि शनिवारी बोटीने इकडे येणार. माझं काम लॅपटॉपवर, ते कुठेही बसून होतं. आमची सात वर्षांची आश्लेषा, म्हणजे आशू, उद्यापासून इथल्या शाळेत. आज मी अगदी खुशीत आहे, आणि ते लिहून ठेवायला हरकत नाही.

घरमालक विश्वंभरकाका त्याच वाडीत, पलीकडच्या घरात राहतात. कॉलेजात शिकवायचे. सोबत सरोजिनीकाकू. काकांची अट एकच. ओटीवरचा झोपाळा काढायचा नाही, आणि उठताना हात लावून पूर्ण थांबवायचा. रिकामा हलता सोडायचा नाही. मी म्हटलं, माझी आईही हेच सांगायची, कुठल्या मराठी घरात सांगत नाहीत? काका हसले नाहीत. त्यांनी आशूला समोर बसवलं आणि तिच्याकडूनही ते वदवून घेतलं.

१३ नोव्हेंबर

झोपाळा मात्र बघण्यासारखा आहे. शिसवी पाट, चार पितळी कड्या. अशा कड्यांवर हत्ती, मोर, पोपट असतात. इथे सगळी माणसंच आहेत, एकमेकांचा हात धरलेली. पुढच्या दोन कड्यांवरची वर चढतायत आणि मागच्या दोन्हींवरची खाली उतरतायत. काकांच्या आजोबांना तो मस्कतहून आलेल्या एका गलबतवाल्याने दिला म्हणे, एक पैसा न घेता. फुकट देणाऱ्यावरही माझा विश्वास नसतो.

ही वही मी झोपाळ्यावर बसूनच लिहिते. आशूने काकांचा नियम इतका मनावर घेतलाय की उठले की ती धावत येऊन दोन्ही हातांनी पाट धरते आणि तो गप्प होईपर्यंत सोडत नाही. इतकी शहाणी मुलगी माझ्या पोटी कशी आली, देव जाणे. मी तिला रोज शाबासकी देते.

कामाला रंगू येते, उरणकडची आहे. ओटी झाडते, पण झोपाळ्याखालचा केर ठेवते. का, विचारलं तर म्हणाली, तिथला केर तिथंच बरा हाय, वयनी. काकू आंबोळ्या घेऊन आल्या, त्याही अंगणातूनच हात उंच करून दिल्या. या म्हटलं तर पायरीकडे असं बघितलं की मी पुन्हा म्हटलं नाही. ह्या वाडीत सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि भाडेकरूंना सांगायचं नाही असं ठरलेलं दिसतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज एक गंमत. कड्यांची लांबी बघता माझे पाय अंगणातल्या तुळशीपर्यंत जायला नकोत. जातात. आणि झोपाळा पुढच्या टोकाला गेला की बोंबील तळल्याचा वास येतो, मागे आला की जातो. आमच्याकडे वरणभात होता आणि काकांकडे मासे शिजत नाहीत. एका झोक्याला समोरच्या दोरीवर पिवळी साडी वाळत घातलेली दिसली. पुढच्या झोक्याला दोरी मोकळी होती.

अजेय म्हणाला, तू सुट्टीच्या दिवशीही दावे तपासतेस. मग मी काकांना गाठलं. उत्तर द्यायचं सोडून त्यांनी मलाच विचारलं, की झोपाळ्यावरून माणूस उतरलं की तुम्ही त्याच्याकडे नीट बघता ना? हा काय प्रश्न झाला? हा माणूस काहीतरी लपवतोय. माझी खात्री आहे.

२१ नोव्हेंबर

दुपारी चहा घेऊन झोपाळ्यावर बसले, वही मांडीवर. आशू शाळेतून आली आणि मागून झोके द्यायला लागली. पुढच्या टोकाला पायरी चुकल्यासारखं झालं आणि कप हातातून सुटला. झोपाळा मागे आला तर आशू माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती. कप फुटला म्हणून घाबरली असेल. मी समजूत घातली.

तिच्या अंगावर गणवेश होता असं मला आठवत होतं. आता लाल फ्रॉक आहे. डुलकी लागली असणार. कपाचे तुकडे कुठे दिसत नाहीत, ते तिनेच उचलले असतील. तेव्हापासून माझी ओढणी सोडत नाही, स्वयंपाकघरातही मागे मागे. गोड वाटलं.

तिन्हीसांजेला रंगू अंथरूण घेऊन झोपायला आली. मी तिला कधी बोलावलं? मला बघून तिच्या हातातलं अंथरूण खाली पडलं. म्हणाली, ह्या आपल्या वयनी न्हाय. आणि चपला न घालता गेली.

२२ नोव्हेंबर

लॅपटॉप नाही. फोनमध्ये सिम चालत नाही. माझे कपडे कपाटात नाहीत, ते पलंगाखालच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेत. त्यातल्या निम्म्या साड्या मी कधी घेतलेल्याच नाहीत. एक पिवळी आहे.

आशू झोपाळ्यावरून उडी मारून गेली आणि तो तसाच हलता सोडला. ओरडले तर हसली आणि जाता जाता त्याला अजून एक धक्का दिला. ही असं करत नाही. माझी आशू असं करत नाही.

दुपारी अजेय आला. आज शुक्रवार. फाटकातच उभा राहिला, पाय पुढे टाकेना. त्याला दाढी आहे. सोमवारी गुळगुळीत दाढी करून गेलेल्या माणसाला चार दिवसांत एवढी दाढी येत नाही. त्याने विचारलं, गणपतीपासून कुठे होतीस. विहीर उपसली, किनारा पालथा घातला, पोलिसांत तक्रार दिली. मी म्हटलं, आपण इथे आलोच दहा तारखेला. तो म्हणाला, जूनमध्ये आलो. त्याला वाटतं मी खोटं बोलतेय आणि मला वाटतं तो. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांचे दावे तपासत बसलो. दोघांचेही खरे वाटतात, हीच भीती आहे.

२३ नोव्हेंबर

काका आले. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही, म्हणून मी त्यांना सोडलं नाही. मग बोलले.

झोपाळा एकच आहे, पण ह्या घराच्या ओट्या पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकीवर आपणच. एका ओटीवर कुणी रिकामा झोपाळा हलवत राहिलं, की दुसऱ्या कुठल्यातरी ओटीवर झोके घेणारं माणूस तिकडे ओढलं जातं. त्यांची सरोजिनी अशीच कुठेतरी गेली. त्यांनी महिनोन्‌महिने रिकामा झोपाळा ढकलला, आणि एके दिवशी त्यावरून सरोजिनी उतरली. म्हणजे ह्या आताच्या काकू. त्यांच्या नव्हेत, दुसऱ्याच कुणाच्या तरी. काका म्हणाले, पहिलं वर्ष जड जातं, मग अंगवळणी पडतं. नवीन कवळीबद्दल बोलावं तसं बोलले. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

मला इथे कुणी ओढलं ते विचारायची गरज नव्हती. ती माझी ओढणी धरून उभी होती. तिची आई गेल्यापासून ती शाळेतून आली की रोज झोपाळा ढकलत होती. विचारलं, मी तुझी आई नाही हे तुला कळलं का? म्हणाली, लगेच कळलं. तिला आई हवी होती. कुठलीही चालणार होती.

२४ नोव्हेंबर

काकू अंगणात आल्या, आज स्वतःहून बोलल्या. त्यांचा मुलगा तिकडे राहिला. रांगत होता तेव्हा. आता बाप्या झाला असेल, म्हणाल्या, टक्कलही पडलं असेल. परत जायला काय केलं, विचारलं. झोपाळ्यावर बसून राहायच्या, पाय सुजेपर्यंत, वर्षानुवर्षं. पण आपण बसून उपयोग नाही. आपल्या माणसाने तिकडे तो रिकामा हलवायला हवा. कुणी हलवलाच नाही. आमच्या घरी सगळी शिस्तीची माणसं, म्हणाल्या.

मग माझ्याकडे बघून विचारलं, तुमची मुलगी कशी आहे हो? ऐकणारी आहे का?

मी घरात येऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

२६ नोव्हेंबर

दिवसभर झोपाळ्यावर. वही सोबत. पाय टेकवत नाही.

माझी आशू तिकडे काय करत असेल? पाट मोकळा परत आला तेव्हा एकटीच होती. पहिल्यांदा काय केलं असेल, ते मला डोळ्यांसमोर दिसतं. दोन्ही हातांनी धरला असेल. मी शिकवलं तसा. शाबासकीसाठी वर बघितलं असेल.

आशू, एकदा हट्टीपणा कर. एकदा माझं ऐकू नकोस. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही.

काका तिकडेही असतील. ते तिला सांगतील ना? की तिथले काका गप्पच बसतील, भाडेकरूंपासून लपवायचं म्हणून? आणि अजेय, माझा अजेय, तो तर झोपाळा बांधून टाकेल, नाहीतर काढूनच—

२८ नोव्हेंबर

सकाळी बघते तर पाट खांबाला बांधलेला. काथ्याने, गाठींवर गाठी. हिने, इथल्या आशूने बांधला. सोडवताना नखं तुटली. ती बाजूला बसून बघत होती. म्हणाली, मी शहाण्यासारखी वागेन, भाजी खाईन, झोपाळा हलता सोडणार नाही. मी हो म्हटलं नाही. तिचा आवाज तोच आहे. रडताना नाक ओढायची तऱ्हा तीच. मला तिची माया येते आणि त्याचीच भीती वाटते. काकूंनाही अशीच आली असेल. वर्ष जाईल आणि—

नाही. मी अंगवळणी पडू देणार नाही.

अजेय फाटकाशी बसून राहतो. तो माझ्याकडे बघतो ते त्याच्या बायकोला शोधत. मी तरी दुसरं काय करतेय.

२९ नोव्हेंबर, दुपार

शाळा सुटायची वेळ. तिकडेही तीच.

हलला.

मी हलवला नाही. पाय वर घेतलेत. वारा नाही, माड गप्प आहेत— पुन्हा. थोडासाच, पण हलला.

तिने ढकलला का? की नुसता धक्का लागला— दप्तर लागलं असेल, रोज इथूनच आत पळते—

बोंबलाचा नाही, दुसरा वास. आमच्या फिनेलचा. माझं घर.

ही आली. कडी धरली. मलाही ने म्हणते. नको, बाळा, सोड. तुझा बाबा फाटकात— मांडीवर चढली. उतरत नाही. बोटं सोडवू कशी, तीच बोटं आहेत—

पुढे. अजून पुढे. फरशीवर कपाचा तुकडा— माझा कप— पांढरे बूट—

आशू. उभी आहे. बारीक झालीय. गणवेशात. माझ्याकडे नाही, पाटाकडे बघतेय. तिला मी दिसत नाही. दोन्ही हात पुढे— थांबवायला—

आशू, धरू नकोस. आई सांगते, धरू नकोस, ढकल. बाळा, ढकल, ढक