म्यूरिअलला चेहरा देऊ नये

ज्या देवाने चौऱ्याऐंशी वर्षे मला सांभाळले त्याला स्मरून मी, हेस्टर ऑर्मरॉड, कै. विल्फ्रेड ऑर्मरॉड यांची पत्नी, शिक्षण शालान्त, काम आयुष्यभर घर, राहणार टॉडमॉर्डन, यॉर्कशर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलाने छापील नमुने पाठवले होते, त्यांच्या कोऱ्या पाठी वापरल्या आहेत. नजर अधू आहे, गुडघे गेले आहेत. डोके आणि कान शाबूत आहेत, आणि डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या पुतण्याचे, डंकनचे, नाव होते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या मेथडिस्ट चॅपलच्या रेव्हरंड फिलिडा मार्श यांनी करावी. त्यांना हिशेब जमत नाही, पण खोटेही जमत नाही.

२. अंत्यविधीला दोनच स्तोत्रे म्हणावीत, सगळी कडवी, घाई न करता. नंतर हॅमची सँडविचेस आणि चहा. दारूचा थेंब नको. सिनेमावाल्यांपैकी कोणी आलेच तर त्यांना मागच्या बाकावर बसवावे, वाऱ्याच्या तोंडी.

३. घर विकून येईल ते आणि बँकेत असेल ते चॅपलच्या छपरासाठी. हिशेबाच्या वह्या कपाटात आहेत, सगळ्या जुळतात. जॅमच्या रिकाम्या बरण्या ज्याला हव्या त्याने न्याव्यात, पण झाकणांसकट.

४. आता मुख्य गोष्ट. विल्फने ‘आलोच, म्यूरिअल’ ही टीव्हीवरची विनोदी मालिका लिहिली. हॉरेस नावाचा लोखंडी सामानाचा दुकानदार, त्याची गिऱ्हाइके, आणि दुकानावरच्या खोलीत त्याची बायको म्यूरिअल, जी कधीच दिसत नाही. हॉरेस थापा मारू लागला की वरून काठीचा ठोका येतो, तो छताकडे बघतो आणि म्हणतो, “आलोच, म्यूरिअल!” एवढ्यावर हा देश पाच वर्षे दर गुरुवारी हसला. मालिकेचे सगळे हक्क विल्फ माझ्या नावे करून गेला.

ठोका माझा असे. स्टुडिओतल्या माणसाने आधी लाकडी हातोडा वापरून पाहिला, तर दारावर पोस्टमन आल्यासारखे वाटले. विल्फ म्हणाला, “हेस्टर, तूच चल बाई.” मग मी डबा बांधून रेल्वेने जायची आणि सेटमागच्या फळीवर चढून ठोकायची. चित्रीकरण बघायला पुढे बसलेली माणसे मला दिसत नसत, त्यांचे हसणे तेवढे ऐकू येई.

हे कुठून आले ते एकदाच लिहिते. आमची मुलगी जन्मतःच गेली. त्यानंतर सबंध हिवाळा मी वरच्या खोलीतून खाली उतरले नाही. हाक मारायलाही जीव होत नसे. विल्फ खाली टाइपरायटरवर बसलेला असे. वडिलांच्या काठीने मी जमीन ठोकली की तो “आलोच!” म्हणून हातातले टाकून वर येई. एकदा घरमालकाचा माणूस दारात आला होता आणि विल्फ त्याला सांगत होता, “मिसेस अगदी ठणठणीत आहे, आताच बाजारात गेली.” मी ठोकले. विल्फ वर आला तो हसू दाबतच. मीही हसले. त्या हिवाळ्यातले ते पहिले हसणे.

मालिका लिहायला घेतली तेव्हा मी एकच अट घातली. वर कोण आहे आणि ती खाली का येत नाही, हे कुणालाही कधीही दाखवायचे नाही. एका नाताळाला टीव्हीच्या वरिष्ठांनी म्यूरिअलला दाखवायचा हट्ट धरला, तेव्हा विल्फ लिखाण गुंडाळून सरळ घरी निघून आला. पुन्हा कोणी विषय काढला नाही.

५. जुन्या विनोदी मालिकांचे हे जे नवे सिनेमे निघतात, त्यातला एक मी म्हाताऱ्यांच्या सवलतीत पाहिला आहे. चहा-बिस्किट धरून तिकीट होते, बिस्किट चांगले होते. अर्ध्या तासाच्या गोष्टीत पाणी घालून दोन तास केलेले. जी माणसे जन्मभर एका खोलीत अडकली म्हणून हसू येत होते, त्यांना विमानाने उन्हात नेऊन सोडलेले. मूळच्या नटांपैकी जो एक बिचारा जिवंत उरला होता, त्याला बसस्टॉपवर उभा करून दाखवला, का तर लोकांनी ओळखून टाळ्या वाजवाव्यात. शिव्या फुकट. पडद्यावरची माणसे बोलून झाल्यावर आमच्या हसण्यासाठी थांबत होती आणि थिएटरात कोणी हसत नव्हते. मी दारावर पैसे परत मागितले. मुलगा म्हणाला, “आजी, सिनेमा आवडला नाही म्हणून पैसे मिळत नाहीत.” मी म्हटले, “मग हे लोक कशाचे घेतात?”

६. फेब्रुवारीत डंकन एका मिस्टर कोल नावाच्या निर्मात्याला घेऊन आला. कोलच्या पायात मोजे नव्हते.

“मिसेस ऑर्मरॉड, आमच्या सिनेमात म्यूरिअल दिसेल,” कोल म्हणाला. “जिन्यावरून उतरताना. आधी नुसते पाय.”

“कोणाचे?”

“फार मोठ्या नटीचे. मग सगळे स्पेनला जातात.”

“खिळे विकणारा माणूस स्पेनला कशाला जाईल?”

“काकू, सिनेमा आहे तो,” डंकन म्हणाला. “जरा मोकळी हवा लागते.”

“तुझ्या काकाला मोकळी हवा लागली की तो कालव्यावर जाऊन यायचा.” मग मी कोलला विचारले, “आणि ती वर का बसून असायची, ते काय ठरवलंत?”

तो खुलला. “तीच तर गंमत! ती वर नसतेच. ठोके मारायला यंत्र बसवलेलं असतं, आणि ही खिडकीतून उतरून खाटकाकडे!”

मी त्याला चहा ओतत होते. किटली खाली ठेवली. डंकन मात्र खो-खो हसला. “भारी आहे ना, काकू?”

त्या हिवाळ्यात मला चमच्याने सूप भरवले ते डंकनच्या आईने. मोठेपणी तिनेच त्याला सगळे सांगितले होते. म्हणजे तो जाणून हसला.

“नाही,” मी म्हटले. “कप रिकामे करा आणि निघा.”

दाराबाहेर तो कोलला म्हणाला, “थांबा थोडं. चौऱ्याऐंशीची आहे. मागून सगळं माझ्याकडेच येतंय.” कान शाबूत आहेत असे मी वर लिहिलेच आहे.

७. तर ‘आलोच, म्यूरिअल’चे सर्व हक्क मी चॅपलच्या नाट्यमंडळाला देते, जे नोरीन सटक्लिफ चालवते. शाळा, चॅपल, गावचे हॉल, कोणीही मागितले तर फुकट करू द्यावे. सिनेमाला कदापि देऊ नये. मंडळाला तसा मोह झालाच, तर हक्क त्याच दिवशी शेजारच्या हेब्डन ब्रिजच्या नाट्यमंडळाकडे जावेत. त्यांचे नाव काढले की नोरीनला ठसका लागतो. एवढा बंदोबस्त पुरे.

८. वडिलांची काठी नोरीनला. ठोका तिने स्वतः मारावा, पडद्यामागे बसून. फार जोरात नको. मारणारीला उठवत नाही, पण खालच्याचे बोलणे तिला ऐकू येते, असा असावा.

९. साक्षीदार. या देशाच्या कायद्याने जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, आणि आतले वाचून पाहायचा हक्कही त्याला नाही. लेन हॉवर्थ माझ्या खिडक्या धुतो, त्याला द्यायचा तो फ्रूटकेक मी आधीच दिला आहे. दुसरा साक्षीदार डंकन, ज्याला हा कायदा ठाऊक नाही. फोनवर विचारले तर म्हणाला, “काकू, हे काय विचारणं झालं? माझं चांगलं पेन घेऊन येतो.” मी गेल्यावर तो कोर्टात म्हणेल की म्हातारीला भ्रम झाला होता. मी शुद्धीत होते, हे मग त्याच्याच अक्षरात लिहिलेले सापडेल.

दोघे खाली चहा घेत आहेत. कागदाची घडी अशी घातली आहे की सह्यांपुरती जागा दिसेल. आता काठी ठोकते.

टॉडमॉर्डन, ११ मार्च २०१५

हेस्टर ऑर्मरॉड

या बाईंनी आमच्या दोघांच्या समोर, पूर्ण शुद्धीत, आपखुशीने सही केली:

लेनर्ड हॉवर्थ, खिडक्या धुण्याचे काम, टॉडमॉर्डन

डंकन ऑर्मरॉड, पुतण्या, लीड्स