रफू केलेल्या चादरीवरचा बर्फ

रविवार, २९ जानेवारी १९८४
मरोळ

आज ऑफिसातल्या नंदाने आमच्याच हॉलमध्ये हिमालयाच्या स्लाइड दाखवल्या. पडदा म्हणून आईची पांढरी चादर, मधोमध रफू केलेली. बिल्डिंगमधले सगळे हजर. एका स्लाइडमध्ये तर काहीच नव्हतं! बर्फ पांढरा, धुकं पांढरं. मला फक्त ते रफू दिसत होतं. तरी शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई गं, इथून एकटी चाललीस तू?" आणि टाळ्या!

एकटी! पवईच्या टेकडीवर सॅकमध्ये विटा भरून सराव केला तो दोघींनी. वाट मी ठरवली, नकाशा मी मिळवला. निघायच्या दिवशी मला ताप भरला, म्हणून बाईसाहेब एकट्या गेल्या. मी बरोबर असते तर एवढं कौतुक झालं असतं का हिचं? आणि आज मी काय करत होते, तर चहाचे कप फिरवत होते.

सगळे गेल्यावर चादरीची घडी घालताना ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? त्या धुक्यात दोन पावलांवरचं दिसेना. जाम टरकले होते गं. मग तू पुढे चालतेयस असं धरलं आणि तुझ्याशी मोठ्याने बोलत राहिले. 'हळू चाल ना' म्हणून शिव्यासुद्धा घातल्या तुला."

नुसती त्या रफूवरून बोट फिरवत राहिले.

म्हणजे मी होते ना तिथे! मग हे काकूंसमोर सांगायला हिचं काय जात होतं?