एक पट्टा निळा, एक पट्टा पांढरा

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
दुपार

चि. भूमिकास,

आईचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत असं पत्रात आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

मोबाइल असताना आईला पत्राचं काय खूळ सुचलं, असं तू म्हणशील. रविवारी जळगावला नाटक संपल्यावर तू विचारलंस, "कसं वाटलं?" आणि मी नुसतं "छान" म्हणाले. तुझं तोंड एवढंसं झालं. वर्षभर खपून लिहिलेलं नाटक आईने एका शब्दात उडवलं, असंच वाटलं असेल तुला. तर आता सविस्तर ऐक.

पहिला अंक मला फार आवडला. खुनाच्या नाटकात लोक एवढे हसतात हे मला माहीतच नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला चिकटून पाटील मरतो काय, तो बेसूर फौजदार पंचनामा गाऊन काय दाखवतो, आणि वायर कुरतडल्याच्या आरोपावरून चक्क उंदीर साक्षीला उभा राहतो. "घरात गव्हाचं पीठ असताना मी रबर कशाला खाऊ" या गाण्याला लोकांनी वन्स मोअर दिला. उंदराची शेपटी माझ्या जांभळ्या साडीच्या काठाची होती. ओळखली मी. ती साडी फाटली म्हणून सांगून नेली होतीस.

खोटं कशाला बोलू, मध्येच रागही आला होता. तुझ्या पप्पांनाही स्टार्टरनेच नेलं आणि तेव्हाही सगळ्यांनी उंदरावरच बोट ठेवलं होतं. घरातलं मरण पोरीने हसण्यावारी नेलं, असं वाटलं. मग वाटलं, पाच वर्षांची होती, तिचं रडायचं राहूनच गेलं. हसून का होईना, मोकळी झाली. मी डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागले.

दुसऱ्या अंकात तो दिवाणजी ऊर बडवत पाटलाच्या मरणाची बातमी घेऊन येतो आणि फौजदाराचं लक्ष त्याच्या पायांकडे जातं. टाचा मागे बाहेर आलेल्या, चपलेचा एक पट्टा निळा, एक पांढरा. मेलेल्या पाटलाच्या चपला घाईत खुन्याच्या पायात आल्या. त्या गाण्यावर सगळं थिएटर पायांनी ताल धरत होतं. मी मात्र त्या दोन पट्ट्यांकडेच बघत राहिले.

भूमी, त्या दिवशी पहाटे पप्पांच्या स्लीपरचा निळा पट्टा तुटला. मी माझ्या जुन्या चपलेचा पांढरा पट्टा काढून त्यात ओवला. तू झोपली होतीस. ते त्या घालून मळ्यात गेले आणि पुन्हा घरी आले ते चार माणसांच्या खांद्यावर, अनवाणी. "बिनचपलेचा स्टार्टरला हात लावला, दुसरं काय होनार," असं सगळे म्हणाले. मीही तेच धरून बसले. अठरा वर्षं मनातल्या मनात त्यांना बोल लावला, की मी माझ्या हाताने पट्टा लावून दिला आणि तुम्ही चपला काढून गेलात. महिनाभर केळीच्या सऱ्यांतून मी त्या चपला शोधल्या. मिळाल्या नाहीत.

तो पांढरा पट्टा तुला दिसायचं कारणच नव्हतं. बातमी घेऊन जे दारात आले त्यांच्याच पायात तो तू पाहिला असशील. मला तेव्हा पाय दिसले नाहीत, बातमी कानावर पडताच माझं भान हरपलं. तू खाली बसली होतीस, तुला पायच दिसले.

बातमी घेऊन कोण आलं होतं हे तुला आठवत नाही. मला आठवतं. तुझे पितांबरकाका आले होते. त्या महिन्यात दोघा भावांची वाटणी व्हायची होती. ती पुढे कधी झालीच नाही. उंदीर होता की नव्हता ते मला माहीत नाही, पण उंदीर चपला घालून घरी येत नाही.

रविवारी भाऊजी माझ्या शेजारीच बसले होते. उंदराच्या गाण्याला मांडीवर थाप मारून हसले. चपलेच्या गाण्याला त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. नंतर आत येऊन त्यांनी तुला नारळ दिला आणि विचारलं, "लय भारी लिहिलं, पोरी. हे चपलेचं कोनी सांगलं तुले?"

तू हसत म्हणालीस, "कोणी नाही, काका. लहानपणी कुणाचे तरी पाय पाहिलेले, तेवढेच डोक्यात राहिलेत."

परत येताना नशिराबादला चहाला गाडी थांबली. "कुंदे, पोरगी तुले कधी काही बोलली का?" भाऊजींनी विचारलं. पोरं काहीबाही रचतात, असं मी म्हटलं. ते चहा अर्धा टाकून उठले. "जत्रेले आपल्या गावात लाव म्हना हा खेळ. मले आखीन एकडाव पाह्याचा हाये."

त्या दिवसापासून माझा फोन रिचार्ज करतो म्हणून भाऊजींच्या हितेंद्रकडेच आहे. शेजारच्या बेबाबाईच्या फोनवरून बोलले असते, पण ऐकल्या ऐकल्या तू इकडे धावत येशील. बापाचा हट्ट आहे तुझ्यात. म्हणून पत्र. उद्या ती यावलला पेन्शनला जाते आहे, तिच्याकडे देते.

आज सकाळी भाऊजी म्हणाले, "गुरुवारपासून दिवसाची लाइट हाये. हितेंद्रले भुसावळले जायाचं हाये, मोटर तूच चालू करजो." अठरा वर्षं त्यांनीच मला त्या स्टार्टरच्या जवळ जाऊ दिलं नव्हतं.

मी हो म्हणाले. एरवी उंबरा ओलांडला की कुठे म्हणून विचारतात, गुरुवारी तेच मला पाठवणार आहेत. मळ्याच्या वाटेला लागेन आणि मळ्यात न वळता तशीच पुढे जाऊन रस्त्यावर एस.टी. धरीन. मला फार भीती वाटते, भूमी.

पत्र शुक्रवारी पोचेल. मी गुरुवारी संध्याकाळीच धुळ्याला तुझ्या दारात असायला हवी. आले, तर आपण दोघी मिळून पोलिसांकडे जाऊ. मी आले नाही आणि नुसतं पत्रच आलं, तर एकटी इकडे येऊ नकोस. नरडाण्याहून योगराजमामाला बोलावून घे, आधी पोलिसांना हे पत्र दाखव. जत्रेच्या खेळाला तर हो म्हणूच नकोस.

माझ्या चपला तपकिरी आहेत, रबराच्या, दोन्ही पट्टे सारखे. तळाला खिळ्याने तुझं नाव कोरून ठेवलंय. त्या कुणाकडे सापडतात ते बघ. मी अनवाणी गेले असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस.

नाटक खरंच छान झालं, बाळा. पप्पांना तो उंदीर फार आवडला असता.

स्वयंपाकघरातही चपला न काढलेली,
तुझी आई